खताची पिशवी आणि खाडीचें पाणी

शेतांतील खतासंबंधानें मिरा-भाईंदरसारख्या नगरांतील गृहस्थ वाचकांपुढें कांहीं लिहावें, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटण्याचा संभव आहे. जेथें दृष्टि जाईल तेथें बहुमजली इमारती उभ्या आहेत, त्या नगराचा नांगराशीं संबंध तो काय? परंतु संबंध आहे, आणि तो रोज सकाळीं नळाला पाणी येतें त्याच वेळीं आपल्या स्वयंपाकघरांत येऊन पोंचतो. आपल्या शहरास मिळणाऱ्या पाण्याचा मोठा भाग शहाड येथें उल्हास नदींतून उचललेला असतो. शहाड-टेमघर प्राधिकरण, ज्यास सर्वजण 'स्टेम' या नांवानें ओळखतात, तें हें पाणी आपणांस पुरवितें. दुसरा मोठा वांटा औद्योगिक विकास महामंडळाकडून येतो तो बारवी धरणाचा, आणि बारवी ही उल्हासचीच उपनदी आहे. उल्हास राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण अशी उतरत येते, ठाण्याच्या उत्तरेस पश्चिमेकडे वळते, आणि घोडबंदर व भाईंदर यांच्या दारावरून जाऊन समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या उत्तर तीरावर वसईचा किल्ला, जो १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं जिंकला. दक्षिण तीरावर आपण. कर्जतच्या भातखाचरांतून आषाढ-श्रावणांत जें कांहीं वाहून निघतें, त्याचा शेवटचा मुक्काम आपल्याच अंगणांत पडतो. शिवाय राई, मुर्धा, मोर्वा, उत्तन या आपल्याच हद्दींतील गांवांची शेती अद्यापि सर्वस्वीं नाहींशी झालेली नाहीं, हेंही विसरून चालणार नाहीं.

वाहून जाणाऱ्या या द्रव्यांत मुख्य तें नत्र. इंग्रजींत ज्यास नायट्रोजन म्हणतात त्यालाच आपल्या पाठ्यपुस्तकांत हें नांव आहे. संस्कृताच्या अभ्यासकानें या शब्दाचा धातु शोधीत बसूं नये. तो परकीय शब्दाच्या नादावरून बेतलेला आहे, आणि आपलें काम चोख बजावतो, तेव्हां त्याजवर रुष्ट होण्याचें कारण नाहीं. नत्रावांचून प्रथिन नाहीं, आणि प्रथिनावांचून डाळ नाहीं, दूध नाहीं, अंगांत बळ नाहीं. गंमत अशी कीं, आपण ज्या हवेंत श्वास घेतों तिच्या १०० भागांत सुमारें ७८ भाग नत्रच असतें. पण तें रोपट्याला घेतां येत नाहीं. तूर, हरभरा, मूग, ताग यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु तेवढे हवेंतील नत्र बांधून देऊं शकतात. भात, गहूं, ऊंस हीं बिचारीं पाण्यांत राहून तहानलेलीं!

ही तहान माणसानें १९०९ सालीं भागविली. जर्मनींतील फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञानें प्रचंड दाबाखालीं हवेंतील नत्र व हायड्रोजन यांचा संयोग घडवून अमोनिया तयार करून दाखविला, आणि कार्ल बॉश यानें १९१३ पासून ओपाऊ येथें तो कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला. दोघांसही पुढें नोबेल पारितोषिक मिळालें, हाबरला १९१८ चें, बॉशला १९३१ चें. आज जगांतील जवळजवळ निम्म्या माणसांचें अन्न या कृतीच्या आधारावर पिकतें असा जाणत्यांचा अंदाज आहे. आपल्या देशापुरतें बोलावयाचें, तर १९५०-५१ सालीं धान्याचें एकंदर उत्पन्न सुमारें ५ कोटि टन होतें. २०२२-२३ सालीं तें सुमारें ३३ कोटि टनांवर गेलें. या वाढींत सुधारलेलें बीं व पाटाचें पाणी यांचा भाग मोठा आहे, पण युरियाचा त्यांहून लहान नाहीं. ज्यांनीं अमेरिकेहून येणाऱ्या मिलो ज्वारीच्या रांगा पाहिल्या, त्या पिढीनें युरियाला नांवें ठेवूं नयेत. प्रस्तुत लेखकाचा तसा हेतुही नाहीं. प्रश्न मात्रेचा आहे.

युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें. शेतकरी तो मुठीनें फेंकतो. भाताच्या खाचरांत असा फेंकलेल्या नत्रापैकीं पिकाच्या मुखीं पडतें तें शेंकडा ३० ते ४०. उरलेलें कोठें जातें? कांहीं अमोनिया होऊन हवेंत उडून जातें; दुपारच्या उन्हांत ताज्या युरियाच्या खाचराशेजारीं उभें राहिल्यास नाकालाही तें कळतें. कांहीं जंतूंच्या क्रियेनें पुन्हां वायुरूप होतें, व त्यांतील थोडा अंश 'नायट्रस ऑक्साइड' या रूपानें वर जातो. हा वायु पृथ्वी तापविण्याच्या कामीं कोळशाच्या धुरांतील कर्बवायूच्या २७३ पट जालीम आहे. आणि जें नत्र 'नायट्रेट' बनतें, तें मिठासारखें पाण्यांत विरघळून जमिनींत खालीं खालीं झिरपतें, किंवा ओहोळांतून नदीस मिळतें. मातीचा कण त्यास धरून ठेवीत नाहीं. अमोनियाचे कण मातीस चिकटतात, नायट्रेटचे चिकटत नाहींत. हा एवढासा भेद पुढील सर्व कथेचें मूळ आहे.

विहिरीचें पाणी पिणाऱ्या घरांतील भगिनींनीं पुढील मजकुराकडे विशेष लक्ष द्यावें. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असूं नये, अशी भारतीय मानक संस्थेनें मर्यादा घातली आहे, आणि ती शिथिल करण्याची मुभाही ठेविलेली नाहीं. याचें कारण मुख्यतः तान्हीं मुलें. अगदीं लहान मुलाच्या पोटांत नायट्रेटचें नायट्राइट होतें. तें रक्तांत मिसळून रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति हरण करतें. मुलाचे ओठ व नखें निळसर दिसूं लागतात, आणि वेळीं उपाय न झाल्यास मूल दगावूं शकतें. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत विहिरीच्या पाण्यांत कालविलेलें दूध पिणाऱ्या मुलांत ही व्याधि आढळली, व डॉ. कॉमली यांनीं १९४५ सालीं तिची उपपत्ति जगापुढें मांडली. अंगावर पिणाऱ्या मुलास ही भीति जवळजवळ नाहीं. भय आहे तें वरच्या दुधांत पाणी घालून देण्याच्या चालीचें.

केंद्रीय भूजल मंडळानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेला अहवाल पाहिला, म्हणजे हें सर्व दूरदेशींचें राहत नाहीं. देशभरांतून घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांपैकीं सुमारें एकपंचमांश नमुने या मर्यादेच्या बाहेर गेले, आणि असे नमुने ४४० जिल्ह्यांत सांपडले. महाराष्ट्राचें प्रमाण शेंकडा ३५ हून अधिक. अधिकांत अधिक दूषित अशा पंधरा जिल्ह्यांची जी यादी त्यांत दिली आहे, तींत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगांव व यवतमाळ असे सात जिल्हे एकट्या आपल्या राज्याचे आहेत. ही यादी वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिलों, कारण त्यांतील एका जिल्ह्यांत माझी पुतणी दिली आहे.

तिला पहिली मुलगी झाली तेव्हां मुलगी तीन महिन्यांची असतांना तिचा मला दूरध्वनि आला. घरच्या विहिरीचें पाणी तपासणीस गेलें होतें, त्यांत नायट्रेट मर्यादेच्या दुपटीजवळ निघालें होतें, आणि घरांतील वडील मंडळींचा त्यावर विश्वास बसत नव्हता. "काका, पाणी कांचेसारखें निर्मळ आहे, चवीला गोड आहे, आणि मुलीसाठीं मी तें वीस वीस मिनिटें उकळून घेतें," असें ती सांगत होती. जें तिला सांगावें लागलें, तें येथें सर्वांकरितां सांगतों. उकळल्यानें जंतु मरतात. नायट्रेट हा जंतु नव्हे, क्षार आहे. पाणी आटतें, क्षार मागें राहतो, म्हणजे जितकें अधिक उकळावें तितकें तें पाणी या बाबतींत अधिक वाईट होतें. तुरटीनें तें जात नाहीं, क्लोरीननें जात नाहीं, कोळशाच्या गाळणीनें जात नाहीं. पडद्यांतून दाबानें पाणी गाळणारें यंत्र तेवढें तें काढूं शकतें, अन्यथा पाणी बदलणें हाच उपाय. मुलगी सुदैवानें अंगावर पीत होती. सहा महिन्यांनंतर तिच्या पेजेसाठीं गांवच्या दुसऱ्या टोंकाच्या कूपनलिकेचें पाणी येऊं लागलें. ती आज शाळेंत जाते. पण रोज दोन कळशा पाणी अर्धा मैल आणण्याचें काम तेव्हांपासून त्या घरच्या स्त्रियांच्या मागें लागलें, तें लागलेंच. खत स्वस्त मिळतें असें आपण म्हणतों तेव्हां या कळशा कोणाच्या हिशेबांत धरावयाच्या?

न्यायाचें बोलावयाचें, तर विहिरींतील सारेंच नायट्रेट युरियाचें नसतें. विहिरीलगतचा उकिरडा, गोठ्याचें मूत, शोषखड्ड्याचे संडास यांचाही त्यांत वांटा असतो. तसेंच उन्हाळ्यांत उल्हास नदीवर मोहने-शहाडच्या बाजूस जी जलपर्णीची हिरवी सतरंजी पसरलेली दिसते, तिचें पोषण मुख्यतः नदीकांठच्या शहरांचें मैलापाणी करतें, शेतकरी नव्हे. शहरवासीयांनीं शेतकऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें. त्याविषयीं पुढें बोलूंच.

आपल्या जुन्या कृषिशास्त्राची या बाबतींत काय समजूत होती, हें पाहणें मनोरंजक आहे. 'कृषिपराशर' या ग्रंथांत शेणाचा ढीग माघांत उकरावा, उन्हांत वाळवून त्याचा चुरा करावा, फाल्गुनांत शेतोशेतीं खड्डे करून त्यांत तो पुरावा व पेरणीच्या वेळीं पसरावा, असा विधि आहे. आणि खतावांचून भात वाढतो पण फळत नाहीं, असेंही ग्रंथकार बजावतो. यांपैकीं उन्हांत वाळविणें आजच्या दृष्टीनें तोट्याचें, कारण त्यांत अमोनिया उडून जातो. परंतु पुरून ठेवणें मात्र उत्तम, कारण त्यानें तो राखला जातो. पूर्वजांनीं सर्वच जाणलें होतें असें म्हणणारे व कांहींच जाणलें नव्हतें असें म्हणणारे, या दोघांनींही हा एक विधि पुरता वाचून पाहावा.

आपल्या ठाणें जिल्ह्यांतील 'राब' तर प्रसिद्धच आहे. रोप टाकावयाच्या वाफ्यावर शेण, झाडांचे टहाळे, पालापाचोळा व माती यांचे थर देऊन उन्हाळ्यांत तो जाळावयाचा, म्हणजे तण मरतें व राखेचें खत मिळतें. टहाळे तोडण्यावरून रयत व जंगलखातें यांच्यांत एवढा कलह माजला कीं, ठाणें व कुलाबा जिल्ह्यांपुरतें एक चौकशी मंडळ मुंबई सरकारास १८८५ सालीं नेमावें लागलें. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं डॉ. व्होल्कर हे विलायतेहून येऊन देशभर हिंडले, आणि १८९३ सालीं त्यांचा शेतीसुधारणेवरील जाडा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं राबाचीही दखल घेतली आहे. हिंदी शेतकऱ्याचें शेण चुलींत जळतें, कारण त्याला सरपण मिळत नाहीं. त्याला सरपण द्या, म्हणजे शेण आपोआप शेतांत जाईल, असें त्यांचें एकंदर म्हणणें. दोष शेतकऱ्याच्या अज्ञानाचा नसून व्यवस्थेचा आहे, हें ओळखणारा परका मनुष्य विरळा. त्या काळीं अडचण नत्राच्या टंचाईची होती. आज ती उलटी झाली आहे, पण दोष अद्यापि व्यवस्थेचाच आहे.

ती व्यवस्था अशी. मराठे समितीच्या शिफारशीवरून १९७७ सालीं सरकारनें खतकारखान्यांना हमी दिली कीं, तुमचा जो उत्पादनखर्च येईल तो नफ्यासह आम्ही भरून देऊं. शेतकऱ्यास मात्र माल ठराविक स्वस्त दरानेंच द्यावयाचा. धान्यासाठीं परदेशाच्या तोंडाकडे पाहणाऱ्या देशानें असें करणें रास्तच होतें. तुर्भ्याचा कारखाना १९६५ पासून चालूं होता. पुढें अलीबागजवळ थळ येथें १९८५ सालीं मोठा कारखाना उभा राहिला, आणि युरियाची ददात मिटली. मग सरकारी तिजोरीवरील भार वाढूं लागला, तेव्हां १९९२ च्या ऑगस्टमध्यें स्फुरद व पालाश यांच्या खतांवरील नियंत्रण एकदम उठविण्यांत आलें. त्यांच्या किंमती भडकल्या. युरिया मात्र नियंत्रणांतच राहिला, इतकेंच नव्हे तर किंचित् स्वस्तही झाला. परिणाम एका वर्षांत दिसला. नत्र, स्फुरद व पालाश यांचें देशांतील प्रमाण १९९१-९२ सालीं ५.९ : २.४ : १ होतें, तें दुसऱ्याच वर्षीं ९.५ : ३.२ : १ झालें. ढोबळ मानानें ४ : २ : १ हें प्रमाण योग्य मानतात. पुढें २०१० सालीं अन्नद्रव्याच्या वजनावर अनुदान देण्याची नवी पद्धति आली, आणि तींतूनही युरियाच तेवढा वगळला गेला! शेतकऱ्यांच्या रोषाची धास्ती प्रत्येक पक्षाच्या सरकारास सारखीच वाटत आलेली आहे.

आज ४५ किलोंची पिशवी कडुनिंबाच्या लेपासह व करासह २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे किलोला सहा रुपयेही नव्हेत. ज्या भाईंदरच्या मिठागरांचें नांव एके काळीं सर्वतोमुखीं होतें, तेथील वाचकांस सांगावयास हरकत नाहीं कीं, दुकानांतील मिठाची पुडी याच्या कितीतरी पट महाग आहे. त्या पिशवींतील शुद्ध नत्राचा हिशेब केला तर १ किलो नत्र सुमारें १३ रुपयांस पडतें. मेथीच्या जुडीला तेवढ्यांत बाजारांत कोणी हात लावूं देत नाहीं. बाकीचा खर्च सरकार भरतें, आणि २०२२-२३ सालीं जगांत किंमती चढल्या तेव्हां खतांवरील एकंदर अनुदान अडीच लाख कोटि रुपयांवर गेलें होतें. जें द्रव्य मिठाहून स्वस्त, तें मिठासारखें चिमटीनें मोजून कोण घालील? वर त्याचा परिणाम डोळ्यांना चटकन् दिसतो, चार दिवसांत शेत काळेंभोर हिरवें होतें आणि शेजारी विचारतो, "काय टाकलंत?" पालाशाचा किंवा शेणखताचा असा देखावा होत नाहीं. पण अति नत्रानें भात माजतो, वाऱ्यापावसांत लोळतो, त्यावर करपा व तुडतुडे येतात, आणि मग औषधफवारणीचा खर्च वेगळा. उंसाला तर आडसाली लागणीस हेक्टरीं ४०० किलो नत्राची शिफारसच आहे. त्यांतलें किती मुरतें व किती पाटाच्या पाण्याबरोबर निघून जातें, याचा विचार कृष्णा-पंचगंगेच्या कांठच्या वाचकांनीं करावा.

सरकार स्वस्थ बसलें आहे असें नाहीं. २०१५ पासून देशांतील सर्व युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणें बंधनकारक झालें. त्यानें नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते, आणि युरिया चोरवाटेनें कारखान्यांकडे वळण्यासही आळा बसतो. २०१८ सालीं पिशवी ५० ची ४५ किलोंची केली. शेतकरी पिशव्या मोजतो, किलो मोजीत नाहीं, या मानवी स्वभावाचा त्यांत उपयोग करून घेतला आहे, आणि मला ती युक्ति आवडली. जें राज्य रासायनिक खत कमी वापरील त्याला वांचलेल्या अनुदानाचा अर्धा भाग द्यावयाचा, अशी योजना २०२३ सालीं निघाली. बाटलींतील सूक्ष्मकण युरियाचा गाजावाजा मात्र मला पटलेला नाहीं. पंजाब कृषि विद्यापीठाच्या प्रयोगांत त्यानें गहूं व भात दोन्हीं पिकांचें उत्पन्न घटल्याचें आढळलें.

परंतु याच उल्हासच्या खोऱ्यांत आणि याच कोंकणांत अधिक चांगला उपाय हातीं आलेला होता, त्याची हकीकत विस्तारानें सांगण्यासारखी आहे. डॉ. एन. के. सावंत हे मृदाशास्त्रज्ञ अमेरिकेंतील आंतरराष्ट्रीय खतविकास केंद्रांत काम करीत असत. युरिया मुठीनें न फेंकतां त्याची गोळी करून ती चिखलांत खोल खोंचली, तर काय होतें, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. भातखाचराच्या चिखलाचा वरचा पापुद्रा तेवढा हवेशीं संबंध ठेवतो. बोटभर खालीं गेलें कीं प्राणवायु नाहीं. प्राणवायु नाहीं म्हणून तेथें अमोनियाचें नायट्रेट होत नाहीं, आणि मातीस चिकटून राहणें हा अमोनियाचा धर्म आहे, हें वर सांगितलेंच. म्हणजे गोळी खोल गेली कीं नत्र तिजोरींत पडलें. मूळ हळूहळू तिच्याभोंवतीं गोळा होऊन तें उचलतें.

या तत्त्वावर त्यांनीं कोंकणच्या शेतकऱ्यासाठीं जी पद्धति बसविली, तिला 'चारसूत्री' म्हणतात. पहिलें सूत्र, भाताचें तूस व पेंढा यांचा शेतांतच फेरवापर, तुसाची राख रोपवाटिकेंत. दुसरें, बांधावर गिरिपुष्पाचीं झाडें लावून लावणीपूर्वीं त्यांचा हिरवा पाला हेक्टरीं सुमारें ३ टन चिखलांत गाडणें. तिसरें, सुधारलेल्या दोरीवर १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरानें नियंत्रित लावणी, जिच्यामुळें चार चार चुडांचे चौकोन पडतात. आणि चौथें, लावणीच्याच दिवशीं प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागीं युरिया व डी. ए. पी. यांची ६०:४० या प्रमाणांत दाबून केलेली २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोंचणें. हेक्टरांत असे ६२,५०० चौकोन बसतात, म्हणजे गोळ्यांचें वजन १७० किलोंच्या आंत, व त्यांतील नत्र सुमारें ५८ किलो. भाताला नेहमींची शिफारस हेक्टरीं १०० किलोंची. चाळीस टक्के नत्र वांचतें, आणि तरी पीक घटत नाहीं, पुष्कळ ठिकाणीं वाढतेंच. खाचरावरील पाण्यांत नत्र उतरतच नाहीं, म्हणून धुवांधार पावसांत बांध फुटला तरी खत वाहून जात नाहीं. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें व कर्जतच्या भातसंशोधन केंद्रानें गोळीखताचा पुरस्कार केला. कर्जत उल्हासच्या माथ्याशीं, भाईंदर तिच्या पायाशीं. या उपायाचा लाभ परंपरेनें आपल्यालाच आहे.

मग घरोघर ही पद्धति कां दिसत नाहीं? कर्जतकडील एका जाणत्या शेतकऱ्यास मीं हाच प्रश्न केला. तो म्हणाला, "गुरुजी, गोळी चांगली आहे. पण एकरांत पंचवीस हजार गोळ्या वांकून खोंचायच्या, त्याला माणसं कुठून आणूं? लावणीलाच माणूस मिळत नाही. आणि खत वाचलं तर वाचलं किती? दोन पिशव्या. दोन पिशव्यांत एका बाईची दोन दिवसांची मजुरी सुटत नाही." या उत्तरापुढें सर्व व्याख्यानें थिटीं आहेत. खत एवढें स्वस्त ठेविलें आहे कीं, तें वांचविणें हाच आतबट्ट्याचा व्यवहार झाला. सरकारच्या दृष्टीनें त्या दोन पिशव्यांवर वांचणारी रक्कम चांगली मोठी आहे. जगांतील भाव चढे असतां एका पिशवीवर दोन हजार रुपयांच्या घरांत अनुदान पडलेलें आहे. ती रक्कम कारखान्याकडे न जातां गोळी खोंचणाऱ्या बाईच्या हातीं मजुरी म्हणून कां पडूं नये? ज्या महाराष्ट्रानें वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमीचा १९७७ सालीं कायदा केला, त्या महाराष्ट्रास असा हिशेब बसविणें अवघड नसावें. लावणीच्या दिवसांत मजूरच नसतात हा आक्षेप खरा आहे, म्हणून गोळी खोंचण्याच्या ढकलत्या यंत्रावर त्याच पैशांतून खर्च झाला पाहिजे. बांगलादेशांत गोळीयुरियास 'गुटी युरिया' म्हणतात. तेथें खेड्याखेड्यांतील लहान दुकानदारांनीं गोळ्या पाडण्याचीं यंत्रें घेतलीं आणि लक्षावधि शेतकऱ्यांनीं ती पद्धति उचलली.

हुकमाच्या जोरावर एका रात्रींत खत बंद करणें हा तर मार्ग नव्हेच. श्रीलंकेनें २०२१ च्या मेमध्यें रासायनिक खतांची आयात बंद केली, नोव्हेंबरांत ती बंदी उठवावी लागली, आणि तोंवर भाताचें पीक एवढें बुडालें होतें कीं, तांदूळ बाहेरून आणावा लागला. हॉलंडांत दुसरेंच झालें. तेथें वर्षानुवर्षें चालढकल केली गेली, अखेर २०१९ च्या मे महिन्यांत तेथील वरिष्ठ न्यायपीठानें सरकारची नत्रविषयक योजनाच रद्द ठरविली, आणि ऑक्टोबरांत शेतकऱ्यांनीं ट्रॅक्टरांनीं हेग शहराचे रस्ते अडविले. डेन्मार्कची गोष्ट शांतपणाची आहे म्हणून कोणी सांगत नाहीं. त्यांनीं १९८७ पासून टप्प्याटप्प्यानें नियम केले. प्रत्येक शेतकऱ्यानें खताची वही ठेवावयाची, पिकागणिक नत्राची मर्यादा ठरलेली, जनावरांचें खत अमुक महिन्यांत टाकावयाचें नाहीं. दोन दशकांत शेतांतून झिरपणारें नत्र जवळजवळ अर्ध्यावर आलें, आणि शेती बुडाली नाहीं. अर्थात् तेथील शेतकरी शेंकडों एकरांचा धनी. आपल्या पाऊण एकरवाल्यास वही ठेवावयास सांगणें म्हणजे आणखी एक शिक्का व आणखी एक खेटा. आपणांस वही नको, भाव व पद्धति नीट हव्यात.

आतां शहराचा वांटा. माणसानें खाल्लेल्या अन्नांतील नत्र जवळजवळ सर्व मलमूत्रावाटे बाहेर पडतें. दर माणशीं वर्षास सावधपणें ३ किलो धरलें, आणि २०११ च्या गणतीची मिरा-भाईंदरची ८,०९,३७८ ही लोकसंख्या घेतली, तरी हें नत्र युरियाच्या एक लाखाहून अधिक पिशव्यांइतकें भरतें. लोकसंख्या त्यानंतर पुष्कळ वाढली आहे. हें सर्व कर्जत, नाशिक, विदर्भ येथील शेतांतून डाळ-तांदूळ-भाजीच्या रूपानें येथें येतें, आणि परत शेताकडे न जातां खाडीच्या वाटेस लागतें. मग त्याच्या जागीं नवीन पिशव्या टाकाव्या लागतात. अप्पासाहेब पटवर्धनांनीं कणकवलीजवळ गोपुरींत मैल्याचें सोनखत करून दाखविलें, तेव्हां सुशिक्षितांनीं नाकाला पदर लावला. यशवंत वाड यांनीं सर आल्बर्ट हॉवर्ड यांच्याबरोबर इंदुरास कंपोस्टची पद्धति बसविली व १९३१ सालीं तिजवर ग्रंथ लिहिला. त्यांतील हॉवर्डचें नांव जगभर झालें, वाडांचें आपल्यालाही ठाऊक नाहीं.

आपल्या शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर जातो, आणि त्याचें काळें पाणी आपल्या शेताविहिरींत उतरतें अशी तेथील गांवकऱ्यांची तक्रार कित्येक वर्षांची आहे. वास्तविक ओला कचरा घरोघर निराळा ठेवला, तर तोच उत्तम खत होतो. शहरी कंपोस्टवर टनास १५०० रुपये साहाय्य द्यावयाचें असें केंद्र सरकारनें २०१६ सालीं ठरविलेंही होतें. पण त्या खतांत कांचा, पिना व प्लास्टिकचे तुकडे निघूं लागले कीं शेतकरी दुसऱ्यांदा तें घेत नाहीं, आणि त्याचें काय चुकतें? सहकारी गृहसंस्थांच्या वार्षिक सभेंत रंगाच्या छटेवर दोन तास वाद होतात. त्यांतील पंधरा मिनिटें या विषयास मिळावीं अशी सूचना मीं आमच्या संस्थेंत दोन वर्षें केली. तिसऱ्या वर्षीं ती मिळालीं, व ती महिलामंडळाच्या आग्रहामुळें मिळालीं. आतां आमच्या इमारतीचा ओला कचरा आवारांतल्या खड्ड्यांत जातो, आणि तें खत राईकडील एक भाजीवाला चाळून पाहून घेऊन जातो.

राहतां राहिली विहीर. जलजीवन योजनेखालीं प्रत्येक गांवांतील पांच स्त्रियांना पाणी तपासण्याचें शिक्षण द्यावयाचें ठरलें आहे, आणि त्यांना जी पेटी मिळते तींत नायट्रेटची परीक्षा करण्याचें साहित्य असतें. ज्या वाचकांच्या मुली-बहिणी वऱ्हाडांत, मराठवाड्यांत, खानदेशांत दिलेल्या आहेत, त्यांनीं आपल्या गांवीं ही पेटी कोणाच्या घरीं आहे व ती शेवटीं केव्हां उघडली होती, एवढें पत्रानें विचारून घ्यावें. निकाल कागदावर न ठेवतां विहिरीच्या कठड्यावर रंगानें लिहिला जावा, दर पावसाळ्यानंतर पुन्हां लिहिला जावा, आणि अंक ४५ च्या वर असेल तर त्याखालीं 'तान्ह्या मुलास देऊं नये, उकळूनही देऊं नये' एवढीं अक्षरें असावीं.